खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया: पूर्ण भूल देऊन लगेच करावी, की पाठीतल्या इंजेक्शनसाठी पाच-सात दिवस थांबावे?

गिरगावकर:

नमस्कार. माझ्या आईचे वय 79 वर्षे आहे. काल सकाळी चाळीच्या गॅलरीत ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. दक्षिण मुंबईतील एका धर्मादाय रुग्णालयात तिला दाखल केले असून, मोडलेला गोळा काढून कृत्रिम गोळा बसवावा लागेल असे अस्थिशल्यविशारदांनी सांगितले आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला असून तेव्हापासून ती रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी घेते. शेवटची गोळी पडण्याच्या आदल्या रात्री घेतलेली आहे.

आज भूलतज्ज्ञ भेटून गेले. ही गोळी पोटात असल्यामुळे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल द्यायची झाल्यास पाच ते सात दिवस थांबावे लागेल, मात्र पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया उद्याही करता येईल आणि तेच योग्य ठरेल, असे त्यांचे मत आहे. घरात मात्र यावरून मतभेद आहेत. पूर्ण भुलीनंतर म्हाताऱ्या माणसांची स्मृती जाते, माणसे ओळखेनाशी होतात, असे मामांनी दोन-तीन कुटुंबांत पाहिले आहे आणि म्हणून आठवडाभर थांबू, पण पाठीतलेच इंजेक्शन घेऊ, असा त्यांचा आग्रह आहे. आई गेल्या वर्षापासून थोडी विसरू लागली आहे, त्यामुळे ही भीती मलाही खोटी वाटत नाही. शिवाय रक्त पातळ असताना शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव किती होईल, हीदेखील चिंता आहेच.

अलीकडच्या वैद्यकीय संशोधनात या दोन प्रकारच्या भुलींची तुलना झाली आहे का आणि तिचा निष्कर्ष काय निघाला, हे कोणी जाणकार समजावून सांगतील का? निर्णय आम्ही रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलूनच घेऊ, परंतु त्यांच्याशी बोलताना नेमके काय विचारावे, एवढे तरी आम्हाला कळायला हवे.

भूलतज्ज्ञ_परळ:

आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहितो आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे. पण आपला प्रश्न अगदी योग्य आहे आणि सुदैवाने गेल्या काही वर्षांत त्यावर चांगले काम झाले आहे.

प्रथम गोळीविषयी. क्लोपिडोग्रेल रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींना कायमचे निकामी करते. गोळी थांबवली तरी त्या पेशी सुधारत नाहीत, शरीराने नव्या पेशी तयार करण्याची वाट पाहावी लागते आणि त्याला पाच ते सात दिवस लागतात. पाठीच्या कण्यात सुई घालताना एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली आणि रक्त थांबले नाही, तर बंदिस्त जागेत साचलेल्या रक्ताचा दाब मज्जारज्जूवर येतो आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात. हे फार क्वचित घडते, पण घडले तर भरून येत नाही. म्हणून आपल्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितले ते प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांना धरूनच आहे. (केवळ ॲस्पिरिन चालू असेल, तर मात्र पाठीतल्या इंजेक्शनला अशी आडकाठी नसते.)

आता तुलनेविषयी. 2021 साली रीगेन नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि कॅनडातील 46 रुग्णालयांत, खुब्याचे हाड मोडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 1600 रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते: एका गटाला पाठीतली भूल, दुसऱ्याला पूर्ण भूल. साठ दिवसांनंतर किती जण दगावले किंवा दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय दहा फूटही चालू शकत नव्हते, हे मोजले. पाठीतल्या भुलीच्या गटात हे प्रमाण 18.5 टक्के होते आणि पूर्ण भुलीच्या गटात 18.0 टक्के. आपल्याला ज्याची भीती वाटते तो शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम, ज्याला आम्ही डिलिरियम म्हणतो, तो पहिल्या गटात 20.5 टक्के आणि दुसऱ्या गटात 19.7 टक्के रुग्णांना झाला. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

यावर कोणी असे म्हणू शकेल की पाठीतल्या भुलीच्या जोडीला अनेकदा झोपेचे औषधही शिरेतून देतात, मग मेंदूवर परिणाम व्हायचा तो झालाच. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीने दिले. नऊ रुग्णालयांतील, 65 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या 950 रुग्णांवर झालेल्या या चाचणीत सुन्न करण्याच्या भुलीबरोबर झोपेचे कोणतेही औषध दिले नव्हते. तरीही सात दिवसांतील डिलिरियमचे प्रमाण त्या गटात 6.2 टक्के आणि पूर्ण भुलीच्या गटात 5.1 टक्के निघाले. दोन चाचण्यांतील टक्केवारी एकमेकींपासून बरीच दूर आहे, कारण रुग्ण आणि मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या. परंतु प्रत्येक चाचणीच्या आत दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत राहिले, हे महत्त्वाचे.

मामांनी जे पाहिले ते खरेच असणार. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांमध्ये संभ्रम फार सामान्य आहे आणि काही जणांची स्मृती त्यानंतर पूर्वीसारखी होत नाही. पण त्याचे कारण भुलीच्या प्रकारात शोधणे बरोबर नाही. मोडलेले हाड, वेदना, शरीरातील दाह, पाण्याची कमतरता, जागरण, अनोळखी जागा आणि मुळातच थकत चाललेला मेंदू, हे सारे एकत्र येते आणि दोष मात्र भुलीला मिळतो.

आकडेमोड:

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवतो आणि वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल वाचणे हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे. वरील प्रतिसादातील आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांचा या आजींच्या बाबतीत वापर करताना दोन मर्यादा लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली मर्यादा अशी की या चाचण्यांत ज्यांना दोन्ही भुली देता येणे शक्य होते अशाच रुग्णांना घेतले होते. क्लोपिडोग्रेलमुळे ज्यांना पाठीतली भूल देताच येत नव्हती, ते रुग्ण चिठ्ठी टाकण्याच्या आधीच वगळले गेले. त्यामुळे ‘दोन्ही भुली सारख्याच’ हा निष्कर्ष अशा रुग्णांना थेट नव्हे, तर तर्काने लागू करावा लागतो. त्यातच रीगेनमध्ये पाठीतल्या भुलीसाठी निवडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 15 टक्क्यांना प्रत्यक्षात पूर्ण भूल द्यावी लागली. असे गट मिसळले की खरा फरक असला तरी तो काहीसा पुसट होतो.

दुसरी मर्यादा थांबण्याविषयीची आहे. लवकर शस्त्रक्रिया केल्याने जीव वाचतात असे सर्रास म्हटले जाते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या हिप अटॅक चाचणीत 17 देशांतील 2970 रुग्ण होते आणि त्यांत भारतही होता. निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ एका गटात साधारण सहा तास, तर दुसऱ्या गटात साधारण चोवीस तास होता. नव्वद दिवसांतील मृत्यू 9 टक्के आणि 10 टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. मग घाईचा एवढा आग्रह कशासाठी, असा प्रश्न पडतो.

भूलतज्ज्ञ_परळ:

दोन्ही मुद्दे मान्य आहेत आणि ते मांडल्याबद्दल आभार. पहिल्या मुद्द्यावर एवढेच म्हणेन की तर्क करावा लागतो हे खरे, पण तो तर्क लांबचा नाही. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या व्यक्तीचा मेंदू पूर्ण भुलीला वेगळ्या रीतीने तोंड देतो, असे मानण्याला काही आधार नाही.

दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र आपण त्या चाचणीतील एक आकडा सोडला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात डिलिरियम 9 टक्के रुग्णांना झाला आणि दुसऱ्या गटात 12 टक्क्यांना. शिवाय लवकर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. या कुटुंबाला भीती नेमकी संभ्रमाची आहे आणि संभ्रम टाळण्यासाठीच ते थांबू पाहत आहेत, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ज्या दोन पर्यायांपैकी ते निवड करीत आहेत त्यांत भुलीच्या प्रकाराने संभ्रम कमी होत नाही, पण मोडलेल्या हाडासह अंथरुणात पडून राहिल्याने तो वाढण्याची शक्यता मोठी आहे.

शिवाय त्या चाचणीतला ‘उशिराचा’ गटही चोवीस तासांचाच होता. सहा तास आणि चोवीस तास यांची तुलना पाच-सात दिवस थांबण्याविषयी काहीच सांगत नाही. इतके दिवस कोणाला थांबवायचे हे चिठ्ठीने ठरवणारी चाचणी कोणी करणार नाही, कारण ते रुग्णावर अन्याय करणारे ठरेल. मोठ्या संख्येच्या निरीक्षणांतून मात्र दोन दिवसांपलीकडचा विलंब आणि मृत्यू, न्यूमोनिया, पाठीवरील जखमा यांचा संबंध सातत्याने दिसत आला आहे. म्हणून ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी असा दंडक आहे, तर अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांची संघटना चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा सुचवते. केवळ क्लोपिडोग्रेल चालू आहे म्हणून खुब्याची शस्त्रक्रिया लांबवू नये, हेही आता सर्वमान्य होत आले आहे.

आपल्या मुंबईत उशीर होण्याची कारणे बहुधा वेगळीच असतात. ‘फिटनेस’ मिळण्यासाठी टू-डी इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) वाट पाहणे, कृत्रिम सांधा मागवणे, शस्त्रक्रियागृहाची पाळी, रक्तदाते जमवणे यांतच दोन-तीन दिवस सहज निघून जातात. इको आवश्यक असेल तर तो रुग्णाच्या खाटेशी करून घेता येतो. पण नुसता अहवाल फायलीत असावा म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणे वृद्ध रुग्णाच्या हिताचे नसते. याविषयी आपण डॉक्टरांना आजच नम्रपणे विचारा.

रक्तस्रावाची चिंता योग्य आहे. क्लोपिडोग्रेल चालू असताना रक्त थोडे अधिक जाऊ शकते आणि म्हणून रक्त आधीच जुळवून तयार ठेवतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या जुन्या आणि स्वस्त औषधाची मदतही होते. 2022 सालच्या पॉइज-3 या चाचणीत, हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रिया झालेल्या 9535 रुग्णांमध्ये, गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण या औषधाने 11.7 टक्क्यांवरून 9.1 टक्क्यांवर आले. मात्र हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतींबाबत ते पूर्णपणे निर्धोक असल्याचे त्या चाचणीला ठरवलेल्या निकषावर सिद्ध करता आले नाही. म्हणून स्टेंट असलेल्या रुग्णात ते द्यावे की नाही, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात.

आकडेमोड:

डिलिरियमचा आकडा मी मृत्यूच्या प्रश्नापुरते पाहत असल्यामुळे मांडला नव्हता. या कुटुंबाच्या प्रश्नाला तोच अधिक लागू आहे, हे पटले. केवळ एक पुस्ती: तो त्या चाचणीचा मुख्य निष्कर्ष नव्हता, दुय्यम होता, त्यामुळे त्याला दिशादर्शक मानावे.

परिचारिका_दादर:

मी अस्थिव्यंग विभागात बरीच वर्षे काम केले आहे. भुलीविषयी वर लिहिले गेले त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही, पण संभ्रम टाळण्याचे पुष्कळसे काम शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर, खाटेजवळ होते आणि ते नातेवाईकांच्या हातात असते, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आईंचा चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र असेल तर तेही रुग्णालयात आणून ठेवा. दागिन्यांबरोबर या वस्तूही ‘हरवतील’ म्हणून घरी पाठवल्या जातात आणि मग न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला आपण ‘कुठे आहात ते सांगा’ असे विचारतो. शस्त्रक्रियेनंतर शुद्ध येताच चष्मा लावून द्या, तोंडासमोर बसा, आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, काय झाले हे शांतपणे सांगा. एकाच वेळी आठ-दहा माणसांनी भेटायला येऊ नये. रोजच्या सवयीचे एकच माणूस सतत जवळ असणे अधिक उपयोगी असते. अनेक वॉर्डांत एकाच नातेवाईकाला पास मिळतो. तो पास रात्री मुक्काम करणाऱ्याकडे असावा, कारण संभ्रम बहुधा संध्याकाळनंतर वाढतो. रुग्ण शिरेतली सुई ओढून काढतात, खाटेवरून उतरू पाहतात, समोर नसलेल्या माणसांशी बोलतात. अशा वेळी ओरडू नये, वाद घालू नये आणि हात बांधून ठेवण्याची मागणी तर मुळीच करू नये.

संभ्रमाचा एक प्रकार शांत असतो आणि तो सर्वांच्या नजरेतून सुटतो. रुग्ण नुसता पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली तर उशिरा ओ देतो, आणि नातेवाईक म्हणतात की औषधाची गुंगी असेल. असे दिसले तर लगेच परिचारिकेला सांगा, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, प्राणवायूची किंवा क्षारांची कमतरता असू शकते.

रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मागू नका. खाज किंवा सर्दीसाठी दिली जाणारी फेनिरामिनसारखी औषधेही वृद्धांच्या मेंदूला गोंधळात टाकतात. मात्र आई घरी वर्षानुवर्षे झोपेची गोळी घेत असतील, तर ती अचानक बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून घरातील सर्व औषधांची यादी डॉक्टरांना लिहून द्या. लघवीची नळी कधी काढणार, हे रोज विचारा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट उभे करायला आले आणि ‘आज राहू द्या, दुखते आहे’ असे नातेवाईकच म्हणाले, असे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा वेदनेचे औषध वेळेआधी मागून घ्या, पण उभे राहणे टाळू नका.

या साध्या गोष्टींनाही संशोधनाचा आधार आहे. 1999 साली अमेरिकेत शॅरन इनूये यांच्या गटाने, सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांवर, दिशाभान, झोप, हालचाल, दृष्टी, श्रवण आणि पाणी यांकडे पद्धतशीर लक्ष दिले, तेव्हा संभ्रमाचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आले. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, तरी पुढे शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठीही हीच पद्धत वापरली गेली. यात महागडे असे काही नाही, फक्त माणूस लागतो.

गिरगावकर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मामांना सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. चिनी चाचणीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि आता त्यांचा विरोध मावळला आहे. इको आज दुपारी खाटेशीच झाला. शस्त्रक्रिया उद्या सकाळी ठरली आहे.

आणखी तीन शंका आहेत. माझ्या मावसभावाने सांगितले की कपाळावर पट्टी लावून भुलीची खोली मोजणारे यंत्र वापरा असा आग्रह धरा, म्हणजे स्मृतीला धक्का बसत नाही. हे खरे आहे का? दुसरे, आईला वेदना फार आहेत आणि पाठीत इंजेक्शन देता येत नाही, मग वेदनेसाठी दुसरे काय करता येते? तिसरे, मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असे एका मावशींनी सांगितले आहे, पण तिचा घसा आत्ताच कोरडा पडतो आहे.

भूलतज्ज्ञ_परळ:

वेदनेपासून सुरुवात करतो, कारण ते आजच करता येण्याजोगे आहे. जांघेजवळ, सोनोग्राफीच्या साहाय्याने, खुब्याकडे जाणाऱ्या नसांच्या पडद्यात सुन्न करणारे औषध सोडता येते. याला फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात. ही जागा वरवरची असते, रक्त आलेच तर दाबून थांबवता येते, त्यामुळे क्लोपिडोग्रेल चालू असतानाही बहुतेक भूलतज्ज्ञ हा ब्लॉक देतात. 2020 सालच्या कॉक्रेन आढाव्यात अशा ब्लॉकविषयीच्या 49 चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. अर्ध्या तासाच्या आत, हालचाल करतानाची वेदना दहापैकी सुमारे अडीच गुणांनी उतरली आणि संभ्रमाचे प्रमाणही कमी झाले. वेदना जितकी कमी, तितकी अफूवर्गीय वेदनाशामक औषधे कमी लागतात, आणि वेदना तशीच सोसत ठेवणे हेही संभ्रमाचे कारण असते. आपल्या भूलतज्ज्ञांना विचारा की हा ब्लॉक आज वॉर्डात देता येईल का. ते शक्य नसेल, तर उद्या भूल दिल्यावर तरी द्यावा. जोडीला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता द्यावे. मूत्रपिंड आणि जठराचा विचार करता आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे या वयात, तेही क्लोपिडोग्रेलसोबत, टाळलेली बरी.

पट्टीच्या यंत्राविषयी संशोधनात एकवाक्यता नाही. 2019 सालच्या एंगेजेस चाचणीत, मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या 1232 वृद्धांमध्ये, मेंदूच्या लहरी पाहून भूल हलकी ठेवलेल्या गटात डिलिरियम 26 टक्के आणि नेहमीच्या गटात 23 टक्के निघाला, म्हणजे फायदा दिसला नाही. पुढे कॅनडात हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर तीच पद्धत वापरली, तेव्हाही दोन्ही गट 18 टक्क्यांच्या आसपासच राहिले. याउलट ‘बॅलन्स्ड’ या मोठ्या चाचणीच्या एका उपअभ्यासात हलक्या भुलीच्या गटात 19 टक्के आणि खोल भुलीच्या गटात 28 टक्के असा फरक आढळला. माझे मत असे की यंत्र उपलब्ध असेल तर जरूर वापरावे, वृद्ध रुग्णाला गरजेपेक्षा अधिक औषध जाऊ नये यासाठी ते उपयोगी पडते. पण ते नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. रक्तदाब फार उतरू न देणे, शरीर गार पडू न देणे आणि वयाच्या मानाने औषधाची मात्रा बेतणे ही कामे अनुभवी भूलतज्ज्ञ करतातच.

उपवासाविषयी मावशींनी सांगितले ती जुनी पद्धत आहे आणि ती अजूनही सगळीकडे रुळलेली आहे. घन पदार्थ आणि दूध सहा तास आधी बंद करावे लागते, परंतु पाणी, साखरेचे पाणी, गर नसलेला गाळलेला फळांचा रस किंवा दुधाशिवायचा चहा भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत घेता येतो, असे जगभरातील भूलशास्त्राच्या संघटना सांगतात. सकाळी नऊची वेळ असेल, तर सातपर्यंत घोट घोट पाणी देता येईल. आपल्या नेहमीच्या चहात दूध असते, म्हणून तो यात धरू नका. आईंना मधुमेह असेल किंवा जठर उशिरा रिकामे होण्याचा त्रास असेल, तर हे नियम बदलू शकतात. म्हणून वॉर्डातील कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर भूलतज्ज्ञांना आजच विचारून पाण्याची शेवटची वेळ कागदावर लिहून घ्या आणि तो कागद रात्रपाळीच्या परिचारिकेला दाखवा.

क्लोपिडोग्रेल पुन्हा केव्हा सुरू करायचे, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो विसरू नये. स्टेंट असलेल्या रुग्णाची गोळी शस्त्रक्रियेनंतर कोणीच सुरू न करणे आणि हे घरी गेल्यावर लक्षात येणे, असे घडते. हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी सुरू करण्याचा दिवस घरी जाण्याच्या कागदावर लिहिला आहे ना, एवढे स्वतः वाचून पाहा.